आता गेलं ते कुठं गेलं?

एप्रिलच्या शेवटी येळ्ळूरचे एक आजोबा नातीच्या लग्नाची पत्रिका करून घ्यायला आले होते. दुपारी तीनचा सुमार, बेळगावातल्या आमच्या वडगावात पान हलत नव्हतं. समोरच्या घरातले माग चालू होते आणि त्या खटखटाटावर मात करत आजोबा एकेक नाव मोठ्यानं सांगत होते. निमंत्रक कोण, मुलीचे मामा कोण, मामांच्या नावाआधी कुणाचं नाव यायलाच हवं, कुलदैवताची ओळ गणपतीच्या खाली घ्यायची की शेजारी. मुलगा बैलहोंगलकडचा, म्हणून पत्रिका एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला कन्नड. मराठी बाजू जुळत आली होती, आजोबांनी चष्मा पुसून दोनदा वाचलीही होती. मी फोटो बसवायला घेतला आणि लॅपटॉप बंद पडला. सूचना नाही, निळा पडदा नाही, काही नाही. काळ्या काचेत आम्हा दोघांचे चेहरे तेवढे दिसत होते. आजोबा जरा वेळ तसेच थांबले. मग म्हणाले, "आता गेलं ते कुठं गेलं गं पोरी?"

"परत करून देते आजोबा, बसा तुम्ही," मी म्हणाले.

"करशील गं. खरं ते गेलं कुठं?"

त्यांच्या आवाजात तक्रार अजिबात नव्हती. माणसाला एखादी गोष्ट खरोखर कळून घ्यायची असते तेव्हा तो असा विचारतो. मी पत्रिका पुन्हा जुळवली, आजोबा चहा घेऊन तिसऱ्या रेल्वे गेटच्या बाजूनं चालत गेले, आणि तो प्रश्न माझ्यापाशी राहिला. लॅपटॉप बंद पडायला लागून तोवर बरेच आठवडे झाले होते. या काळात त्याला काय झालंय हे मला अनेकांनी सांगितलं होतं. हे असं साधं कुणी विचारलं नव्हतं.

हा लॅपटॉप २०१३ सालचा, अण्णांनी घेतलेला. अण्णा म्हणजे माझे वडील. शहापुरातल्या एका छापखान्यात त्यांनी उमेदीची सगळी वर्षं खिळे, म्हणजे छपाईची सुटी धातूची अक्षरं, जुळवण्यात घालवली. ऑफसेट छपाई आली, खिळ्यांवर छापणारं ट्रेडल मशीन भंगारात गेलं, आणि बरोबरीचे कंपोझिटर कुणी रिक्षा घेतली, कुणी दुकानात नोकरी धरली, तेव्हा अण्णा डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवरची अक्षरजुळणी, शिकले. खिळ्यांच्या केसमधले, म्हणजे खणांच्या पेटीतले, घर न घर माहीत असलेली बोटं कीबोर्डवर बसवायला त्यांना फार त्रास झाला, पण त्यांनी बसवली. त्यांनी केलेलं सगळं काम या लॅपटॉपवर आहे, त्याआधीच्या कॉम्प्युटरवरचं सुद्धा यातच आणून ठेवलेलं आहे. मंगाई यात्रेची हँडबिलं, मंडळांची पावती पुस्तकं, बारशाची आमंत्रणं, बाराव्याच्या दिवशी वाटायचे हरिपाठ, कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा या गावांमध्ये थंडीत साहित्य संमेलनं भरतात त्यांच्यासाठी केलेलं छपाईचं काम, आणि लग्नपत्रिका तर मोजता येणार नाहीत इतक्या. आसपासच्या गल्ल्यांमध्ये कोण जन्मलं, कुणाचं कुणाशी लग्न झालं आणि कोण गेलं, हे फोल्डरांच्या नावांवरून सांगता येतं. काचबिंदूनं अण्णांची नजर जवळजवळ गेली तेव्हा हे काम आणि हे यंत्र माझ्याकडे आलं. अण्णा आता दाराजवळच्या खुर्चीत बसून असतात आणि ऐकतात.

"नवीन घ्या" हा सल्ला मला सगळ्यांनी दिला आणि प्रेमानं दिला. अडचण अशी की त्या जुन्या फायलींमधली अक्षरं युनिकोडमधली, म्हणजे आता सगळ्या यंत्रांवर सारखी चालणाऱ्या पद्धतीतली, नाहीत. त्या काळच्या लिपी-सॉफ्टवेअरमध्ये मराठी काय, कन्नड काय, आतून साठवली जायची ती इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या घरांत. वर फॉन्टचं पांघरूण होतं म्हणून आपल्याला 'क' दिसायचा. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर तीच फाइल उघडली की स्वल्पविराम, डॉलर आणि कंस यांचा सडा दिसतो. फॉन्ट नुसते उचलून दुसरीकडे ठेवले तर दिसण्यापुरतं भागतं, पण दुरुस्ती करायची म्हटलं की ते सॉफ्टवेअरच लागतं. आमचं सॉफ्टवेअर डोंगल, म्हणजे परवान्याची छोटी किल्ली, लावल्याशिवाय चालत नाही आणि नव्या यंत्रांवर ते बसत नाही. तेव्हा या लॅपटॉपमध्ये काय बिघडलंय ते शोधणं मला भागच होतं. पण नुसतं भाग होतं म्हणून मी ते केलं असंही म्हणणार नाही. तेरा-चौदा तास रोज ज्याच्यासमोर बसायचं त्या यंत्राला नेमकं काय होतंय हे ठाऊक नसताना त्याला निरोप देणं मनाला पटत नव्हतं.

तर प्रत्येकाकडे एक कारण होतं. खडेबाजाराकडच्या एका दुकानातल्या मुलानं झाकणही न उघडता "बोर्ड गेलाय मॅडम" म्हणून सांगितलं. धाकट्या दिराच्या मते व्हायरस. पुण्याला असलेला मावसभाऊ फोनवर म्हणाला, फॉरमॅट मार, सगळं ताळ्यावर येईल. समोरच्या वैनींना त्यांच्या मागांचीच शंका होती. "आमचे माग एकदम सुरू झाले की लाइट दबतीया बघा, त्यानंच होत असंल," असं म्हणताना त्यांना अपराध्यासारखं वाटत होतं आणि ते बघून मला जास्त वाईट वाटत होतं. दुकानातल्या मुलाकडे रोज मेलेले बोर्ड येतात, दिराच्या ऑफिसात व्हायरस येऊन गेलाय, वैनींचं आयुष्य विजेच्या दाबाभोवती फिरतं. ज्यानं जे सोसलं ते त्याला आधी आठवलं.

या शहरात लहानाची मोठी होताना मी एक गोष्ट पाहत आलेय. इथं घडणाऱ्या न घडणाऱ्या प्रत्येक गोष्टीचं एक कारण आधीच तयार असतं. रस्ता का झाला नाही, शाळेची खोली का गळते, पोरगं शिकून पुण्याला का निघून गेलं, सगळ्याला तेच उत्तर, सीमावादाचं, आणि आपण कुठल्या गल्लीत उभे आहोत त्यावर ते मराठीतलं की कन्नडमधलं हे ठरतं. ते उत्तर खोटं असतं असं मी कधीही म्हणणार नाही. माझ्या घरातल्या माणसांनी त्यासाठी पुष्कळ सोसलं आहे. पण ते तयार असल्यामुळं गळणाऱ्या खोलीचं कौल वर चढून कुणी बघत नाही, ही गोष्टही मी तितकीच पाहिलेली आहे. लॅपटॉपच्या बाबतीत मला वर चढून बघायचं होतं.

मी एक वही केली.

अण्णांनीच सुचवलं. छापखान्यात कुठल्या फर्म्याला, म्हणजे छपाईसाठी बांधलेल्या खिळ्यांच्या चौकटीला, काय अडलं याची वही असायची म्हणे. मी रकाने आखले: वेळ, काय काम चालू होतं, यंत्र किती वेळ चालू होतं, माग चालू की बंद, आणि पडदा काळा झाला की निळा. शेवटचा रकाना मी सहज घातला होता, पण सगळं उलगडलं ते त्याच्यामुळं. पान भरत आलं तसं दिसायला लागलं की मी ज्याला इतके दिवस एकच दुखणं समजून चालले होते ती दोन होती. काळा पडदा दुपारी यायचा, तासभर काम झाल्यावर यायचा, आणि मोठा फोटो किंवा छपाईसाठी पीडीएफ बनवायला घेतली की हमखास यायचा. निळ्याला वेळकाळ नव्हता. तो दुपारी जास्त यायचा हे खरं, पण साधं पत्र टाइप करतानाही यायचा. मागांचा रकाना तपासला तर ते बंद असतानाही दोन्ही प्रकार झालेले होते. शिवाय बॅटरी जुनी असली तरी वीज गेल्यावर काही मिनिटं तग धरायची, म्हणजे दाब कमी झाल्यानं यंत्र तत्क्षणी बंद पडायचं कारणच नव्हतं. त्या संध्याकाळी रस्ता ओलांडून मी वैनींना हे सांगून आले. वही दाखवली. त्यांनी ती नीट वाचली आणि मग बाकी कुणाला काही सांगायच्या आधी सासऱ्यांना हाक मारून सांगितलं, "आपल्या मागानं नव्हं हो मामंजी."

काळ्या पडद्याबद्दल विंडोजकडे विचारणा करता येते. इव्हेंट व्ह्यूअर नावाची एक नोंदवही तो स्वतः ठेवत असतो. त्यात प्रत्येक वेळी एकच लाल नोंद होती, कर्नल-पॉवर ४१. या नोंदीचा अर्थ लावताना पुष्कळ जण फसतात, कारण तिच्या नावात पॉवर आहे. ती एवढंच सांगते की मागच्या वेळी यंत्र रीतसर बंद न होता बंद झालं. का, ते तिला ठाऊक नसतं. ज्याला लिहून ठेवायचं तोच त्या क्षणी नाहीसा झालेला असतो. पण विंडोजला निळा पडदा दाखवायचीही सवड मिळाली नाही, याला अर्थ आहे. प्रोसेसर एका मर्यादेपलीकडे तापला की तो आधी स्वतःचा वेग कमी करतो, आणि तेवढ्यानंही भागलं नाही तर सॉफ्टवेअरला न विचारता वीज तोडली जाते, जीव वाचवायला. लॅपटॉपच्या प्रोसेसरांमध्ये ही मर्यादा साधारण १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. तापमान दाखवणारं एक छोटं सॉफ्टवेअर मी कोपऱ्यात लावून ठेवलं. पीडीएफ बनवायला घेतली. आकडा ८० च्या पुढं गेला, ९० च्या पुढं गेला. दारातून अण्णा म्हणाले, "आता जाणार बघ ते." आणि गेलं.

त्यांना तो आकडा दिसत नव्हता. पंख्याचा आवाज बदलतो म्हणाले. आधी वाहतं वारं असतं, मग वारं कोंडतं आणि नुसती शीळ उरते. ट्रेडल मशीनसमोर वर्षानुवर्षं उभं राहिलेल्या माणसाचे कान. वहीत मी त्यांच्यासाठी एक रकाना वाढवला.

वैनींचा मुलगा डिप्लोमा करतो. रविवारी सकाळी तो आणि मी अंगणात चटई टाकून बसलो. चार्जर काढला, बॅटरी काढली, पॉवरचं बटण दाबून धरलं म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. मागचं झाकण उघडलं. प्रोसेसरवरून एक तांब्याची नळी निघते, ती पातळ पत्र्यांच्या एका जुडग्यापाशी जाते, आणि पंखा त्या पत्र्यांमधून वारा बाहेर ढकलतो. पंखा आणि पत्रे यांच्या मध्ये सुताच्या तुसाचा थर बसला होता. धुळीचा करडा रंग तर होताच, पण त्यात जांभळे, राणी, मोरपंखी बारीक धागे होते. किती तरी वर्षं समोर विणल्या जाणाऱ्या साड्यांचे रंग हवेतून येऊन इथं बसले होते. चिमट्यानं धरून ओढला तर तो थर अख्खा सुटून आला. मी तो अण्णांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी अंगठ्यानं चोळून पाहिला आणि लगेच ओळखला. वैनींना हे सांगावं की नाही असा मी क्षणभर विचार केला, कारण काही दिवसांपूर्वीच त्यांच्या मागांना मी निर्दोष ठरवून आले होते. मुलानंच हसत हसत आत जाऊन सांगितलं. वैनी बाहेर आल्या, थर बघितला, आणि म्हणाल्या की मागाच्या खोलीत झोपलेल्या माणसाच्या छातीत हे किती बसत असेल. त्यावर आम्ही कुणीच काही बोललो नाही. सासऱ्यांचा खोकला गल्लीला ठाऊक आहे.

प्रोसेसर आणि तांब्याची नळी यांच्यामध्ये उष्णता वाहून नेणारा जो लेप असतो, तो वाळून खपल्या झाला होता. जुना लेप आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसला, नवा लावला. हवेच्या फवाऱ्यानं पंखा साफ करताना मुलानं पातं बोटानं धरून ठेवलं होतं. तो भरमसाट वेगानं फिरला तर बिघडू शकतो, हे त्याला कॉलेजात सांगितलं होतं. झाकण लावलं, तीच पीडीएफ बनवली, आकडा ७० च्या आसपास रेंगाळला. काळा पडदा त्यानंतर आला नाही.

निळा मात्र आला, तिसऱ्या-चौथ्या दिवशी. आणि मला आनंद झाला, कारण आता तो एकटा होता.

निळ्या पडद्यावर विंडोज कारणाचं नाव लिहितो. एकदा मेमरी मॅनेजमेंट, एकदा आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल, एकदा पेज फॉल्ट इन नॉन-पेज्ड एरिया. एकच नाव पुन्हा पुन्हा आलं असतं तर एखाद्या ड्रायव्हरवर, म्हणजे यंत्राचा एखादा भाग चालवणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरवर, संशय घेता आला असता. नावं सारखी बदलतात तेव्हा संशय त्या जागेवर जातो जिथून सगळेच जातात, म्हणजे रॅमवर, चालू काम तात्पुरतं जिथं राहतं त्या मेमरीवर. आणि इथं येळ्ळूरच्या आजोबांचा प्रश्न माझ्यासमोर पुन्हा येऊन उभा राहिला, कारण त्यांची पत्रिका बंद पडायच्या क्षणापर्यंत रॅममध्येच होती.

रॅममध्ये एकेक खूण, शून्य किंवा एक, एका इवल्याशा कपॅसिटरमध्ये विजेच्या भाराच्या रूपानं राहते. एक ट्रान्झिस्टर, एक कपॅसिटर, झाली एक खूण. ही रचना आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६ साली सुचली आणि १९६८ साली त्यांना तिचं पेटंट मिळालं. चार जीबीच्या एका पट्टीत अशी ३,४०० कोटींहून जास्त घरं असतात, आणि त्यातलं प्रत्येक घर गळकी घागर आहे. भरून ठेवली की गळायला लागते. म्हणून दर ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक घर वाचून पुन्हा भरलं जातं, सेकंदाला पंधरा-सोळा वेळा, यंत्र चालू आहे तोवर अखंड. वीज तुटली की भरणं थांबतं. पत्रिका कुठं जात नाही. तिला राहण्यासाठी पुन्हा पुन्हा लिहावं लागत होतं, ते लिहिणं थांबतं.

पत्रिकांचा गठ्ठा न्यायला आजोबा आले तेव्हा मी हे त्यांना सांगितलं. सोबत त्यांनी शिवारातल्या बासमतीची छोटी पिशवी आणली होती, खोलीभर वास सुटला होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे दिवसभर ते तेवढंच करतंय?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. "आणि आपल्याला कळत न्हाई." जाताना त्यांनी लॅपटॉपकडे वळून पाहिलं.

रॅममधलं घर तापलं की कपॅसिटर अधिक वेगानं गळतो. ८५ अंशांच्या पुढं तर ही भरण्याची गती दुप्पट करावी, असं रॅमच्या मानकातच आहे. ३,४०० कोटींपैकी एखादंच घर म्हातारपणानं कमजोर झालं, तर थंड सकाळी ते तग धरेल आणि एप्रिलच्या दुपारी दगा देईल. मेमटेस्ट८६+ हे सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवरून चालवता येतं. ते प्रत्येक घरात ठरावीक नमुने लिहून परत वाचून बघतं. सकाळी चालवलं, एकही चूक नाही. दुपारपर्यंत काम करून, यंत्र तापलेलं असतानाच पुन्हा चालवलं आणि बराच वेळ चालू दिलं. तांबड्या ओळी उमटायला लागल्या. पत्ता दर वेळी त्याच टापूतला.

या लॅपटॉपमध्ये रॅमच्या दोन पट्ट्या आणि दोन खाचा. मुलानं पट्टीच्या सोनेरी दातांवरून खोडरबर फिरवला. पुष्कळदा तेवढ्यानंही काम होतं, दातांवरचा मळ निघाला की संपर्क सुधारतो. इथं झालं नाही. मग एक पट्टी एका खाचेत, तीच दुसऱ्या खाचेत, मग दुसरी पट्टी तशीच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तांबड्या ओळी एका पट्टीच्या मागोमाग दोन्ही खाचांत गेल्या. म्हणजे खाच चांगली, बोर्ड चांगला, दुसरी पट्टी चांगली. बोर्ड चांगला, हे वहीत लिहिताना मी ते दोनदा अधोरेखित केलं.

अण्णांना ही पद्धत समजावून सांगायची गरज पडली नाही. प्रूफ काढलं की एखादी वेलांटी दर वेळी तुटकी उमटायची, म्हणजे फर्म्यात कुठंतरी एक खिळा झिजलेला आहे. कागदावरची जागा धरून फर्म्यातली जागा काढायची, तीही उलटी, कारण खिळे उलटे असतात. चिमट्यानं तो एकच खिळा उपसायचा, त्या जागी दुसरा बसवायचा, पुन्हा प्रूफ. झिजलेला खिळा केसमध्ये परत टाकायचा नाही, हा नियम. तो वेगळ्या डब्यात. एकदा केसमध्ये गेला की तो पुढं कुठल्या ओळीत निघेल ते सांगता येत नाही. मालकांनी एका नवख्या पोराला यावरून दिवसभर उभं केलं होतं, ही गोष्ट अण्णांनी मला लहानपणी पुष्कळदा सांगितलेली. या वेळी त्यांनी ती गोष्ट सांगितली आणि मग जरा थांबून विचारलं, "पण बाळ, आमचं प्रूफ तरी उमटायचं. तुझ्या त्या पट्टीत अक्षर फुटलं आणि यंत्र बंद पडलं नाही, तर?"

हे मी वाचलं होतं, पण त्यांच्या तोंडून ऐकल्यावर हातपाय गार पडले. सर्व्हरमध्ये जी रॅम वापरतात तिच्यात चूक ओळखण्याची आणि दुरुस्त करण्याची सोय असते. साध्या लॅपटॉपमध्ये ती नसते. कमजोर घरात विंडोजचं एखादं महत्त्वाचं काम येऊन बसलं तर निळा पडदा येतो. तिथं एखाद्या फायलीचा तुकडा येऊन बसला तर काहीच होत नाही. यंत्र चालू राहतं, फाइल सेव्ह होते, आणि एक खूण उलटी पडलेली असते. इतके आठवडे मी बंद पडण्याला घाबरत होते. खरं तर बंद पडण्यामुळंच मला कळत तरी होतं. जिथं ते बंद पडलं नाही, त्या वेळांचं काय, याचा हिशोब वहीत कुठंच नव्हता. आणि अण्णांच्या सगळ्या कामाच्या प्रती मी याच काळात दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवल्या होत्या, कारण मोडक्या यंत्राला हात लावण्याआधी प्रत काढायची असते. त्या प्रती याच पट्टीतून गेल्या होत्या.

चांगल्या पट्टीवर यंत्र चालवून मी प्रत्येक मूळ फाइल आणि तिची प्रत ताडून पाहिली. फायलीतल्या सगळ्या अंकांवरून तिचा एक ठसा काढता येतो, एसएचए-२५६ म्हणतात त्याला. एक खूण जरी वेगळी असली तरी ठसा पूर्ण वेगळा येतो. रात्रभर ते काम चालू होतं. जवळजवळ सगळे ठसे जुळले. एका संमेलनाच्या स्मरणिकेची प्रत जुळली नाही, आणि उघडायलाही तयार झाली नाही. मूळ फाइल शाबूत होती. तिची नवी प्रत काढली, ठसा जुळला, आणि पहाटे मी अण्णांना उठवून सांगितलं. पण गेल्या काही महिन्यांत ज्या मूळ फायली उघडून, दुरुस्त करून पुन्हा सेव्ह केल्या, त्यांची ताडणी कशाशी करायची? त्यांचा खरा ठसा कुठं आहे?

तो ट्रंकेत होता. अण्णांनी प्रत्येक छापील कामाची एक प्रत ठेवलेली आहे, जुन्या साड्यांमध्ये गुंडाळून.

रिकाम्या झालेल्या खाचेसाठी दुसरी पट्टी लागणार होती. हा लॅपटॉप डीडीआर-थ्री-एल पट्टी घेतो, १.३५ व्होल्टवर चालणारी; आताच्या लॅपटॉपांच्या पट्ट्या याच्या खाचेत शिरतही नाहीत. खडेबाजाराकडच्या त्याच दुकानात गेले, बोर्ड गेला म्हणणाऱ्या मुलाकडे. वही दाखवली. तो ती कन्नडमध्ये पुटपुटत वाचत गेला, दोन खाचांच्या पानावर थांबला, मग आतल्या खोलीतून मेलेल्या लॅपटॉपांची एक टोपली घेऊन आला आणि माझ्यासमोर एकेक पट्टी लावून तपासत बसला. दुकानात गर्दी होती, तरी बसला. म्हणाला, दिवसाला इतकी यंत्रं येतात, एकाला इतका वेळ दिला तर दुकानाचं भाडं निघत नाही, नाहीतर त्यालाही असंच करायला आवडलं असतं. मी त्याच्यावर मनात जो राग धरून होते तो तिथंच गेला. पट्टीचे पैसे त्यानं अगदीच कमी घेतले. घरी आणून ती मी भर दुपारी तासन्‌तास तपासली. तांबडी ओळ नाही.

आता यंत्र चालतंय. किती दिवस, ते कोण सांगणार. विंडोज १० चा अधिकृत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, यात दोन्ही नाहीत. म्हणून त्याचं इंटरनेट काढून टाकलं आहे. ते आता फक्त जुन्या लिपीचं यंत्र आहे, आणि त्या लिपीतून सगळं काम युनिकोडमध्ये आणणं हे मी आता हाती घेतलं आहे. रूपांतर करणारी सॉफ्टवेअरं आहेत, पण डोळे मिटून विश्वास ठेवावा अशी नाहीत. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी जशी दिसते तशी व्यंजनाच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर यावी लागते. रफार तिथं अक्षर झाल्यावर शेवटी येतो, इथं आधी. जोडाक्षरांत हे दोन्ही एकत्र आले की घोटाळा होतो, आणि सगळ्यात जास्त होतो तो माणसांच्या नावांत आणि गावांच्या नावांत. पत्रिका म्हणजे तर बहुतेक सगळी नावंच.

त्यामुळं वाचणं आलं. छापखान्यात जसं व्हायचं तसंच आम्ही करतो, एकानं मोठ्यानं वाचायचं आणि दुसऱ्यानं प्रत धरायची. मी पडद्यावरचं वाचते, वैनी ट्रंकेतला कागद धरतात. वैनींचं माहेर गोकाकचं, शाळा कन्नड. मराठी त्या इथं येऊन दुकानांच्या पाट्यांवरून शिकल्या. सावकाश वाचतात, पण त्यांच्या नजरेतून अनुस्वार सुटत नाही. अण्णा दोघींच्या मध्ये बसलेले असतात. एखाद्या ओळीला "थांब, यात 'कै.' राहिलं" म्हणतात, आणि कागदावर ते असतं. ज्यांचं नाव वाचलं ते कोण, कुठल्या गल्लीतले, पत्रिकेचे पैसे त्यांनी कसे हप्त्यानं दिले, हेही मधूनमधून येतं, आणि काम रेंगाळतं. मला ते रेंगाळणं थांबवावंसं वाटत नाही.

मराठी पत्रिकांची निम्मी फोल्डरं झाली आहेत. दुपारी दोन ते चार सासरे माग बघतात तेवढा वेळ वैनींना मोकळा मिळतो. नाकाला फडकं बांधायला वैनींनी आता सासऱ्यांना लावलंय, ते कुरकुरत का होईना बांधतात. पुढच्या आठवड्यापासून कन्नड फायली काढायच्या ठरल्या आहेत, सुरुवात मंगाई यात्रेच्या दोन्ही भाषांतल्या हँडबिलांपासून. त्या वेळी पडद्यासमोर वैनी बसतील आणि छापील प्रत मी धरीन. ओत्तक्षर, म्हणजे कन्नड जोडाक्षरात खाली येणारं अक्षर, चुकलं तर ते मला ओळखता यावं म्हणून सध्या रोज रात्री त्यांच्या मुलाकडे कन्नडची उजळणी चालू आहे.